डिजिटल शिदोरी : प्रभागसंघाच्या कार्यालयात वायफाय बसवूया



महिनाअखेर आली की प्रभागसंघाच्या कार्यालयात काय गडबड असते, ते सांगायला नको. लेखापाल ताईंचा एक लॅपटॉप, व्यवस्थापक ताईंचा दुसरा, प्रशिक्षणाचे दोन, शिवाय बँक सखी आपला घेऊन आलेली. आणि या पाचही लॅपटॉपना नेट पुरवणारा मोबाईल एकच! ज्या ताईचा तो मोबाईल, ती गावभेटीला निघाली की नेटही तिच्या पिशवीत बसून निघून जातं. मग कुणी खिडकीत उभी राहते, कुणी अंगणात जाते, कुणी म्हणते, "राहू दे, उद्या करू."

हे "उद्या करू" आपल्याला महागात पडतं. समुदाय गुंतवणूक निधीचा हप्ता गटाने वेळेवर भरलेला असतो, पण नोंद चार दिवस उशिरा झाली की संगणकावर गट थकीत दिसतो. पैसे दिले ते खरे, पण पडद्यावर दिसत नाहीत. ज्या बाईने कापूस वेचून, दूध घालून हप्ता जमवला, तिला पुढच्या कर्जाच्या वेळी "तुमचा मागचा हप्ता उशिरा आला होता" असं ऐकावं लागलं, तर तो अन्याय आहे. म्हणून कार्यालयाची चांगली जोडणी हा चैनीचा विषय नाही, आपल्या लेख्यांचा विषय आहे.

या पाठात चार-पाच लॅपटॉपसाठी छोटं वायफाय नेटवर्क कसं उभं करायचं, ते पायरी पायरीने पाहू. हे काम अवघड नाही. ज्या बाईला दशसूत्री पाठ आहे आणि रोकडवहीचा मेळ घालता येतो, तिला हे नक्की जमतं.

१. वायफाय वेगळं, इंटरनेट वेगळं

आधी एक गोंधळ दूर करू. गावातली नळयोजना डोळ्यांसमोर आणा. दुरून पाइपलाइन येते, पाणी टाकीत पडतं आणि टाकीतून घराघरातल्या नळाला जातं. आपल्या नेटवर्कचंही तसंच आहे.

बाहेरून येणारी पाइपलाइन म्हणजे इंटरनेटचं कनेक्शन. टाकी म्हणजे राऊटर नावाचा डबा. तो एका कनेक्शनचे अनेक वाटे करतो आणि प्रत्येक लॅपटॉपला स्वतःचा एक क्रमांक देतो, म्हणजे कुणाची माहिती कुणाकडे जायची हे चुकत नाही. राऊटरपासून लॅपटॉपपर्यंत तारेशिवाय जो प्रवास होतो, ते वायफाय.

हा फरक का लक्षात ठेवायचा? कारण बिघाड शोधताना तो कामी येतो. लॅपटॉपवर वायफायची खूण पूर्ण दिसते, तरी नेट चालत नाही, याचा अर्थ टाकीपासून नळापर्यंत सगळं ठीक आहे, बाहेरची लाइन बंद आहे. दुसरा फायदा असा की बाहेरचं नेट बंद असलं तरी कार्यालयातले लॅपटॉप आपसात जोडलेले राहतात. प्रिंट काढता येते, एकमेकींच्या फायली पाहता येतात.

२. आधी कागदावर उतरवा

दुकानात जाण्याआधी एका कोऱ्या कागदावर कार्यालयाचा नकाशा काढा. खोल्या किती, भिंती विटांच्या की दगडी, छत पत्र्याचं की स्लॅबचं, लोखंडी कपाटं कुठे आहेत, विजेचे प्लग कुठे आहेत, लॅपटॉप कुठे बसतात. मग खाली दोन याद्या करा.

पहिली यादी: जोडायचं काय काय? लॅपटॉप ५, प्रिंटर १ आणि ताईंचे मोबाईल. मोबाईल मोजायला विसरू नका. बैठकीच्या दिवशी २० मोबाईल वायफायवर आले तर लॅपटॉपच्या वाट्याला काय उरणार?

दुसरी यादी: काम काय काय? नोंदी भरायला नेट फार लागत नाही. व्हिडिओ बैठकीला मात्र जास्त लागतं. एका लॅपटॉपवरच्या व्हिडिओ बैठकीसाठी २ ते ३ एमबीपीएस धरून चाला. दोन ताई दोन वेगळ्या बैठकांत असतील आणि बाकीच्या नोंदी भरत असतील, तर १० एमबीपीएस खात्रीने मिळणारी लाइन कामाला पुरते. २० ते ४० मिळाली तर निवांत.

इथे एक हिशोब समजून घ्या. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये. आपल्या फायलींचं वजन असतं मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ४० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला फार तर ५ एमबी माहिती येते. आकडा मोठा ऐकून हुरळून जाऊ नका, ८ ने भागून पाहा.

आणि आणखी एक प्रश्न जरूर विचारा: "माहिती वर पाठवण्याचा वेग किती?" आपण सिनेमे पाहणाऱ्या नाही. आपण ठरावाचे फोटो, पासबुकाच्या प्रती आणि अहवाल वर चढवणाऱ्या आहोत. वर पाठवण्याचा वेग कमी असेल तर फोटो चढता चढत नाही.

३. कनेक्शन कोणतं घ्यायचं?

आपल्यासमोर साधारण तीन वाटा असतात.

फायबर: काचेच्या बारीक तंतूतून येणारी लाइन. वेग चांगला, महिन्याचं बिल ठरलेलं. बऱ्याच ग्रामपंचायतींपर्यंत भारतनेट योजनेतून अशी लाइन आलेली आहे आणि काही गावांत खासगी कंपन्याही देतात. आपल्या ग्रामपंचायतीत लाइन पोहोचली आहे का आणि ती चालू आहे का, हे जाऊन पाहा. अडचण एकच: रस्ता खोदताना किंवा फांदी पडून तार तुटली की दुरुस्तीला वेळ लागू शकतो.

सिमचा राऊटर: मोबाईलसारखंच यात सिमकार्ड बसतं. तार ओढायची गरज नाही. पण रोजच्या डेटाची मर्यादा नीट वाचा. एका तासाच्या व्हिडिओ बैठकीला एका लॅपटॉपवर साधारण १ जीबीच्या आसपास डेटा लागू शकतो. पाच लॅपटॉपमध्ये दिवसाचे २ जीबी म्हणजे पाहुणे दहा आणि भाकरी दोन.

मोबाईलचा हॉटस्पॉट: हा अडीअडचणीचा सोबती. रोजच्या कामासाठी नको, पण मुख्य लाइन बंद पडली तर कुणाचा मोबाईल वापरायचा हे आधीच ठरवून ठेवा आणि त्या ताईला डेटाचा खर्च द्या.

सिमचा राऊटर घ्यायचा असेल तर आधी चाचणी करा. वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेले मोबाईल गोळा करा. प्रत्येक खोलीत, प्रत्येक खिडकीशी, सकाळी ११ वाजता आणि पुन्हा संध्याकाळी ६ वाजता वेग तपासा आणि लिहून ठेवा. सकाळी धावणारं नेट संध्याकाळी रांगू लागतं, कारण टॉवर तोच असतो आणि वापरणारे वाढतात. ही चाचणी फुकट आहे आणि वर्षभराचा मनस्ताप वाचवते.

कनेक्शन कोणतंही घ्या, ते प्रभागसंघाच्या नावावर घ्या. कुणा ताईच्या मुलाच्या किंवा दिरांच्या नावावर नको. उद्या ती ताई पदावर नसली तर तक्रार कोण करणार आणि कनेक्शन बंद तरी कोण करणार?

४. खरेदी

लागणारं सामान थोडंच आहे.

राऊटर. दोन बँडचा घ्या, म्हणजे २.४ गीगाहर्ट्झ आणि ५ गीगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरींचा. मागे तार जोडायला निदान ३-४ खाचा असाव्यात. आपल्या कामाचा राऊटर साधारण दीड ते तीन हजार रुपयांत येतो. पण थांबा! फायबरची कंपनी जो डबा बसवते, त्यातच बहुतेक वेळा वायफाय असतं. तो डबा पुरत असेल तर वेगळा राऊटर घेऊ नका. आधी महिनाभर वापरून पाहा.

राऊटरचा छोटा यूपीएस. आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. लॅपटॉपला बॅटरी असते, राऊटरला नसते. त्यामुळे वीज गेली की पाचही लॅपटॉप चालू आणि नेट बंद! हा छोटा यूपीएस राऊटर काही तास चालू ठेवतो. घेताना राऊटरच्या अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेला व्होल्टचा आकडा आणि यूपीएसवरचा आकडा एकच आहे ना, ते पाहा. अँपिअरचा आकडा यूपीएसवर तेवढाच किंवा जास्त असावा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज हवी, नाहीतर राऊटर चालू ठेवून उपयोग नाही.

नेटवर्कची केबल, कॅट ६ जातीची, लागेल तेवढ्या लांबीची. अशी एक तार १०० मीटरपर्यंत चालते.

खरेदीची पद्धत आपण जाणतोच. खरेदी समितीने तीन दुकानांतून दरपत्रकं घ्यायची, बैठकीत ठराव करायचा, प्रभागसंघाच्या नावाने पक्कं बिल घ्यायचं, वॉरंटीच्या कागदावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्यायची आणि जडवस्तू नोंदवहीत अनुक्रमांकासह नोंद करायची. राऊटर लहान दिसतो म्हणून त्याची नोंद राहून जायला नको.

५. राऊटर ठेवायचा कुठे?

निम्मं यश जागेवर आहे. वायफायच्या लहरी चहूबाजूंना पसरतात आणि भिंतीत, लोखंडात, पाण्यात अडतात.

कार्यालयाच्या साधारण मधोमध, डोक्याच्या उंचीला किंवा त्याहून वर, मोकळ्या फळीवर ठेवा. लोखंडी कपाटात, टीव्हीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ किंवा जमिनीवर ठेवू नका. चोरी होईल म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवला तर लहरीही कुलूपबंद होतात. भीती वाटत असेल तर भिंतीला स्क्रूने बसवा. खिडकीशी ठेवला तर निम्मी लहर रस्त्याला जाते. सिमचा राऊटर मात्र टॉवरची रेंज जिथे येते तिथेच ठेवावा लागतो, म्हणून त्यासाठी खिडकी चालते.

दोन बँडचा फरकही इथेच समजून घ्या. २.४ ची लहर लांब जाते, भिंत ओलांडते, पण वेग कमी. ५ ची लहर वेगवान, पण एखाद-दोन भिंतींतच थकते. राऊटरच्या खोलीतल्या लॅपटॉपना ५, पलीकडच्या खोलीला २.४, असं वाटून द्या. नेटवर्कच्या नावापुढे "५ जी" लिहिलेलं दिसलं तर ते ५ गीगाहर्ट्झ आहे, मोबाईलचं फाईव्ह-जी नव्हे. जुन्या लॅपटॉपना ही लहर दिसतच नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका.

मागचा प्रशिक्षण हॉल लांब असेल तर? बाजारात लहर पुढे ढकलणारे रिपीटर मिळतात, पण त्यात वेग बराच कमी होतो. त्यापेक्षा मुख्य राऊटरपासून हॉलपर्यंत केबल न्या आणि तिथे दुसरा राऊटर "अ‍ॅक्सेस पॉइंट" या पद्धतीने लावा. खर्च एकदाच होतो आणि हॉलमध्येही चांगला वेग मिळतो.

६. जोडणी : पायरी पायरीने

हे काम तंत्रज्ञ येऊन करून जाईल, ते ठीक. पण शेजारी दोन ताई बसल्याच पाहिजेत, एक करणारी आणि एक लिहिणारी. तंत्रज्ञ आला आणि "घरात पुरुषमाणूस कोण आहे, त्यांना समजावतो" म्हणाला, तर हसून सांगा, "इथलं सगळं आम्हीच पाहतो, आम्हालाच समजवा."

पहिली पायरी. राऊटर उलटा करा. खाली चिकटवलेल्या कागदावर तीन गोष्टी असतात: नेटवर्कचं नाव, वायफायचा पासवर्ड आणि राऊटर उघडायचा पत्ता. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

दुसरी. फायबरच्या डब्यातून निघालेली केबल राऊटरच्या "वॅन" लिहिलेल्या खाचेत लावा. ही खाच बहुतेक वेगळ्या रंगाची असते. बाकीच्या "लॅन" खाचा लॅपटॉप किंवा प्रिंटरसाठी असतात. सिमचा राऊटर असेल तर राऊटर बंद ठेवून सिम बसवा.

तिसरी. आधी फायबरचा डबा चालू करा, दोन मिनिटं थांबा, मग राऊटर चालू करा.

चौथी. एक लॅपटॉप केबलने राऊटरच्या लॅन खाचेला जोडा. लॅपटॉपला खाच नसेल तर वायफायने, कागदावरचा पासवर्ड घालून जोडा.

पाचवी. लॅपटॉपवर ब्राउझर उघडा आणि वरच्या पट्टीत राऊटरचा पत्ता टाइप करा. बहुतेक राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आकडे इंग्रजीत टाइप करायचे. हा पत्ता नेटवरचा नाही, आपल्याच डब्याचा आहे.

सहावी. आत गेल्यावर सर्वांत आधी राऊटरचा स्वतःचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. कारखान्यातून आलेला पासवर्ड अनेक राऊटरांना सारखाच असतो आणि जगाला माहीत असतो.

सातवी. कनेक्शनचा प्रकार निवडा. कंपनीने यूजरनेम आणि पासवर्ड दिला असेल तर तो इथे भरा. दिला नसेल तर बहुतेक वेळा "ऑटोमॅटिक" चालतं.

आठवी. वायफायचं नाव ठेवा. नावात प्रभागसंघाचं पूर्ण नाव किंवा मोबाईल नंबर नको. "कार्यालय-१" असं साधं नाव पुरे.

नववी. सुरक्षेचा प्रकार "डब्ल्यूपीए-२" किंवा "डब्ल्यूपीए-३" निवडा. जुने लॅपटॉप असतील तर "डब्ल्यूपीए-२" बरं. "ओपन" किंवा "डब्ल्यूईपी" कधीच नाही. "डब्ल्यूपीएस" नावाची सोय दिसली तर बंद करा.

दहावी. पासवर्ड ठेवा. संघाचं नाव, गावाचं नाव, १२३४५६७८ असले पासवर्ड नकोत. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द आणि आकडे घ्या. उदाहरणार्थ, वरवंटा, चिंच, ४७, पायरी, हे इंग्रजी अक्षरांत सलग लिहायचं. लक्षात राहायला सोपं, ओळखायला अवघड. (हाच पासवर्ड ठेवू नका बरं का, तो आता हे पत्रक वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत झाला!)

अकरावी. सेव्ह करा. राऊटर एकदा बंद होऊन चालू होईल. आता एकेक लॅपटॉप नव्या पासवर्डने जोडा.

७. लॅपटॉपवर करायच्या गोष्टी

विंडोजचा लॅपटॉप नव्या नेटवर्कला जोडला की त्याला हे नेटवर्क "प्रायव्हेट" आहे की "पब्लिक", हे सेटिंगमध्ये सांगता येतं. कार्यालयाच्या वायफायला प्रायव्हेट ठेवा, म्हणजे प्रिंटर आणि फायली आपसात दिसतील. बसस्थानकावर, हॉटेलात किंवा दुसऱ्या संस्थेच्या वायफायला नेहमी पब्लिक.

सिमवरचा डेटा मर्यादित असेल तर त्याच ठिकाणी "मीटर्ड कनेक्शन" चालू करा. नाहीतर लॅपटॉप गुपचूप अपडेट ओढत बसतो आणि दुपारपर्यंत डेटा संपतो. पण अपडेट कायमचे टाळायचे नाहीत, लसीसारखे ते वेळेवर लागतात. आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि आळीपाळीने एकेका लॅपटॉपचे अपडेट करा.

प्रिंटर वायफायचा असेल तर त्यालाही याच नेटवर्कवर घ्या. मग पेन ड्राइव्ह घेऊन पळापळ नाही आणि पेन ड्राइव्हसोबत फिरणारे व्हायरसही कमी. सगळ्यांना लागणारे कोरे नमुने, परिपत्रकं आणि बैठकीचे फोटो एका लॅपटॉपवरच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवा. कर्जाची आणि खात्यांची फाइल मात्र सामाईक फोल्डरमध्ये नको. तिथे फक्त ज्यांचं काम आहे त्यांनाच पासवर्डने प्रवेश. आणि सामाईक फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. तो लॅपटॉप बिघडला तर फोल्डरही गेलं, म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन कपाटात ठेवा.

८. किल्ली कुणाच्या हातात?

हा भाग दोनदा वाचा.

समजा, एका गटात १० बायका, एका ग्रामसंघात १५ गट आणि एका प्रभागसंघात २० ग्रामसंघ. १० गुणिले १५ गुणिले २०, म्हणजे ३,००० बायका. त्यांची नावं, मोबाईल नंबर, आधार, बँक खातं, कोणी किती कर्ज घेतलं आणि कशासाठी घेतलं, हे सगळं आपल्या त्या चार-पाच लॅपटॉपमध्ये असतं. एखादीने नवऱ्याच्या आजारपणासाठी कर्ज घेतलेलं असतं आणि ते तिने गटाबाहेर कुणाला सांगितलेलं नसतं. ही माहिती तिने विश्वासाने दिली आहे. २०२३ मध्ये आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. पण कायद्याच्या आधीपासून गटाची रीत हीच आहे की बैठकीतलं बैठकीत.

वायफायचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे, तो आपल्या अंगणात उभा आहे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे घराची किल्ली आहे. म्हणून:

पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त तंत्रज्ञाकडे आहे आणि आपल्याकडे नाही, असं होऊ देऊ नका. तो काम करून गेला की त्याच दिवशी बदला.

गटाची रोकडपेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवायची, ही आपली जुनी शिस्त. तीच इथे पाळा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात घाला, पाकिटावर सचिव आणि कोषाध्यक्ष दोघींच्या सह्या करा आणि कपाटात ठेवा. वापर झाला की नवं पाकीट.

एखादी कर्मचारी काम सोडून गेली किंवा पदाधिकारी बदलल्या की दोन्ही पासवर्ड बदला. यात कुणावर अविश्वास नाही. बँकेत सह्यांचे नमुने बदलतो, तसंच हे.

येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी राऊटरमध्ये "गेस्ट नेटवर्क" चालू करा. त्याचं नाव आणि पासवर्ड वेगळा. त्यावर पाहुण्यांना नेट मिळतं, पण आपले लॅपटॉप आणि प्रिंटर दिसत नाहीत. सदस्यांच्या मुलींना शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे असतात, परीक्षेचे निकाल पाहायचे असतात. दुपारी ४ ते ६ हॉलमधलं पाहुण्यांचं नेट त्यांच्यासाठी खुलं ठेवायचं का, हे बैठकीत ठरवा. पदरचं थोडं नेट गेलं, तरी घरात नेट नसलेल्या पोरीला ते मोठं असतं.

आणि हे कायमचं लक्षात ठेवा: वायफाय कितीही सुरक्षित असलं, तरी फोनवर मागितलेला ओटीपी दिला तर ते काहीच वाचवू शकत नाही. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

९. नेट बंद पडलं तर

तंत्रज्ञाला फोन करण्याआधी हे प्रश्न क्रमाने विचारा.

एकाच लॅपटॉपचं बंद आहे की सगळ्यांचं? एकाचंच असेल तर दोष त्या लॅपटॉपचा. विमानाची खूण चालू राहिली आहे का पाहा. तारीख आणि वेळ बरोबर आहे का पाहा, कारण तारीख चुकली तर अनेक संकेतस्थळं उघडत नाहीत. शेवटी नेटवर्क "फर्गेट" करून पुन्हा जोडा.

वायफायचं नावच कुणाला दिसत नाही? राऊटरला वीज नाही. प्लग आणि यूपीएस पाहा.

नाव दिसतं, जोडलंही जातं, पण नेट नाही? बाहेरच्या लाइनचा दोष. फायबरच्या डब्यावर "एलओएस" लिहिलेला लाल दिवा पेटला असेल तर काचेच्या तारेतून प्रकाश येत नाही. ती तार कुठे दाबली किंवा मुडपली आहे का ते नुसतं पाहा, ओढू नका. कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. सिमचा राऊटर असेल तर रिचार्ज संपला का पाहा!

चालतं, पण फारच हळू? एक लॅपटॉप केबलने राऊटरला जोडून वेग तपासा. केबलवरही हळू असेल तर लाइनचा दोष, किंवा कुणीतरी मोठी फाइल ओढत आहे. केबलवर वेगात आणि वायफायवर हळू असेल तर जागेचा किंवा शेजारच्या राऊटरांचा दोष. ग्रामपंचायत, शाळा आणि आपण एकाच चॅनेलवर असलो तर लहरी एकमेकींच्या पायात येतात. २.४ च्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे रिकामं असेल ते घ्या.

काहीच कळलं नाही, तर फायबरचा डबा आणि राऊटर दोन्ही बंद करा, एक मिनिट थांबा, आधी डबा आणि मग राऊटर चालू करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मात्र राऊटरच्या मागच्या बारीक भोकातलं "रीसेट" बटण काडीने दाबून धरू नका. त्याने आपण केलेली सगळी मांडणी पुसली जाते. विजा कडकडू लागल्या तर राऊटरचा प्लग आणि केबल काढून ठेवा.

१०. नेटवर्कची पंचसूत्री

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. तशीच ही नेटवर्कची:

नियमित नोंद – बिघाड, तक्रार क्रमांक आणि दुरुस्तीची तारीख एका वहीत.

नियमित बिल – मुदतीच्या तीन दिवस आधी भरायचं.

नियमित तपासणी – महिन्यातून एकदा राऊटर उघडून जोडलेल्या उपकरणांची यादी पाहायची. यादीत ११ दिसतात आणि आपली ८ आहेत, तर ती ३ कुणाची? उत्तर मिळालं नाही तर पासवर्ड बदला.

नियमित अपडेट – लॅपटॉपचे आणि राऊटरचेही.

नियमित शिकवणी – जिला येतं तिने दर महिन्याला आणखी एका ताईला शिकवायचं.

पाचवं सूत्र सर्वांत मोलाचं. एकाच बाईला सगळं येत असेल तर तीही त्या एका मोबाईलसारखीच. ती गावाला गेली की काम बंद.

पुढच्या बैठकीत करून पाहा

आपल्या कार्यालयाचा नकाशा काढा आणि राऊटरची जागा ठरवा. आत्ता चालू असलेल्या वायफायला किती उपकरणं जोडलेली आहेत, ते मोजा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे, हे एकमेकींना विचारा. "माहीत नाही" असं उत्तर आलं तर त्याच बैठकीत दोन ताईंची नावं ठरवा, ठराव लिहा आणि सही करा.